एक जून आणि समरकंदचा व्हिसा

मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या गणिताच्या आपा डबा न उघडताच माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांचा मुलगा नोकरीला लागला आहे. आई-वडिलांना एकदा परदेशात फिरवून आणायचे असे त्याने मनावर घेतले आहे. उमरा झालेला आहे, आता समरकंद-बुखारा बघावे असे घरात चालले आहे. मी २०१९ मध्ये जाऊन आले हे त्यांना ठाऊक होते. इकडेतिकडे बघत त्यांनी हळूच विचारले, "पण व्हिसा देतात का हो आपल्या लोकांना?"

"आपल्या लोकांना" या दोन शब्दांत काय काय भरलेले असते, ते या मासिकाच्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको. तेव्हा हीच धाकधूक मलाही होती. प्रत्यक्षात आमची गाडी अडली ती वेगळ्याच ठिकाणी, आणि अडवणारी मीच होते. आपांना मी ते अर्ध्या तासात सांगितले, इथे जरा सवडीने सांगते.

आपल्या घरांत पासपोर्ट असतात, पण व्हिसाचा अर्ज स्वतःच्या हाताने भरलेला माणूस क्वचितच सापडतो. हजला जायचे तर हज कमिटी बघते, उमऱ्याला टूरवाले बघतात. आखातात नोकरीला जाणाऱ्याचे कागद कंपनी किंवा एजंट करतो. आपण फोटो द्यायचे, सही करायची आणि दुआ करायची. पर्यटक व्हिसा मात्र ज्याचा त्याने मागायचा असतो. मी या तारखेला येणार, इतके दिवस राहणार, माझ्या पैशाने राहणार आणि परत जाणार, एवढे त्या देशाला लेखी सांगायचे. तिकडच्या माणसाला आपला स्वभाव दिसत नाही, घराणे दिसत नाही. त्याच्यासमोर असतात फक्त आपली अक्षरे आणि आकडे.

उझबेकिस्तान निवडले ते अम्मीमुळे. मोहल्ल्यातल्या बायकांच्या दर्समध्ये ती वर्षानुवर्षे "बुखारी शरीफ में आया है" हे वाक्य ऐकत आली. एकदा माझी मुलगी नववीच्या भूगोलासाठी नकाशा घेऊन बसली होती. तिने अम्मीला बोट ठेवून दाखवले, "नानी, हे बघ बुखारा." अम्मी बराच वेळ नकाशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बुखारी बोले तो गाँव का नाम है? मेरेकू इस उमर में मालूम पड्या." तिचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होते आणि गुडघे कुरकुरत होते. मी यांना म्हटले, या दिवाळीच्या सुट्टीत जायचे, पुढच्या वर्षावर टाकायचे नाही.

चौकशी केली तेव्हा कळले की उझबेकिस्तानने जुलै २०१८ पासून भारतासह ५१ देशांच्या नागरिकांना घरबसल्या ई-व्हिसा द्यायला सुरुवात केली आहे. वकिलातीत खेटे नाहीत, मुलाखत नाही. पासपोर्टच्या माहितीच्या पानाची प्रत, एक फोटो, ई-मेलचा पत्ता आणि एकदा प्रवेशाच्या व्हिसासाठी २० डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण १,४०० रुपये. मुक्काम ३० दिवसांपर्यंत. निघण्याआधी निदान तीन कामाचे दिवस हातात ठेवून अर्ज करायचा. एका एजंटने याच कामाचे माणशी ६,००० सांगितले होते. त्याला दोष देत नाही, आपण विचारत नाही म्हणून तो सांगतो. पण इंटरनेटवर सरकारी दिसणाऱ्या आणि सरकारी नसलेल्या पुष्कळ खिडक्या असतात, तिथे मात्र जपा. खऱ्या पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट यूझेड" असते. तेवढे बघितले तरी बरेच पैसे वाचतात.

हे सगळे सोपे होते. कठीण होता अम्मीचा पासपोर्ट.

तो २०११ मध्ये हजसाठी काढलेला होता. मुदत शिल्लक होती, पण उघडून पाहिला तर आडनावाची जागा कोरी. नावाच्या जागी एकच शब्द, शेवटी "बी" जोडलेला. हजला त्याचे काही अडले नव्हते. पण आता व्हिसाचा अर्ज आडनाव मागत होता, तिकीटही मागत होते. आणि आमचे आडनाव कोणते, हा प्रश्न तर मिरजेतला जुना! अब्बा मरहूम तंबोरे-सतारी बनवायचे. आमचे मूळ आडनाव शिकलगार, पण दुकानावरची पाटी "सतारमेकर". मग काही कागद त्या नावाने झाले, काही या नावाने. माझ्या दाखल्यावर शिकलगार, भावाच्या बँकबुकात सतारमेकर. मोहल्ल्यातली निम्मी घरे अशी आहेत. शेख आडनावाच्या घरी जा, बाप इंग्रजीत "ए आय" लिहितो, मुलगा "ई आय" लिहितो. मोहम्मदचे कुठे "मोहड" होते, कुठे नुसते "एम डी". गावात याने काही बिघडत नाही. सीमेवरच्या यंत्राला मात्र ती दोन वेगळी माणसे वाटतात.

आम्ही आधारवरचे "शिकलगार" पक्के धरले आणि पासपोर्ट नव्याने काढायला टाकला. फी १,५०० रुपये. फोटोच्या दुकानात अम्मी पांढरी ओढणी घेऊन बसली, मागचा पडदाही पांढरा. फोटोत चेहरा हवेत तरंगल्यासारखा आला. दुसऱ्या दिवशी गडद हिरवी ओढणी नेली. डोक्यावर ओढणी असली तरी चालते, फक्त कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, ओढणीची सावली पडता कामा नये. बहिणींनी हे ध्यानात ठेवावे, एक फेरी वाचेल.

पासपोर्ट केंद्रात बोटांचे ठसे घेताना मशीन तिचे ठसेच ओळखेना. अब्बांच्या हाताखाली तिने किती वर्षे भोपळे पॉलिश पेपरने घासले, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, फक्त तिच्या बोटांनी ठेवला आहे. तिथल्या मुलीने ओल्या कपड्याने बोटे पुसून, पुन्हा पुन्हा ठेवून, अखेर ठसे घेतले. तिचे भले होवो. पोलीस पडताळणीला हवालदार आले, शेजारच्या काकूंना विचारून गेले, आणि तीन आठवड्यांत नवा पासपोर्ट दारात आला. आडनावासकट. जन्मतारीख ०१/०६/१९४८.

या एक जूनविषयी थोडे सांगते, कारण पुढचे रामायण त्याच्यावरूनच घडले. महाराष्ट्रात अमुक एका वयाच्या माणसांत निम्म्यांचा वाढदिवस १ जूनला येतो. मूल शाळेत आणून उभे केले की गुरुजी अंदाजाने वर्ष धरत आणि जूनची पहिली तारीख टाकत. हे काम माझ्याच बिरादरीने केले आहे. अम्मीचे माहेर नळदुर्गचे. तिची आई सांगायची की पोलीस ॲक्शननंतरच्या थंडीत ही झाली. म्हणजे १९४८ सरताना किंवा १९४९ लागताना. पण गुरुजींनी दाखल्यावर १ जून १९४८ लिहिले, आणि तेच दाखल्यावरून आधारवर, आधारवरून पासपोर्टवर आले. खरे-खोटे काहीही असो, सगळीकडे एकच आहे ना, मग मी निश्चिंत होते.

सहामाहीचे पेपर तपासून झाल्यावर एका रात्री मी चौघांचे अर्ज भरायला बसले. आमचे दोघांचे, मुलीचा आणि अम्मीचा. मुलांनाही वेगळा पासपोर्ट आणि वेगळा व्हिसा लागतो. हे म्हणाले, सकाळी भरू. मी म्हटले, होऊन जाऊ दे. कार्ड परदेशी व्यवहारासाठी बंद निघाले, ते बँकेला फोन करून चालू करून घेतले. चौथा अर्ज संपला तेव्हा बारा वाजून गेले होते.

दोन-तीन दिवसांत ई-मेलने चारही व्हिसे आले. अलहमदुलिल्लाह म्हटले आणि कपाटात ठेवून दिले. तीन आठवडे ते तिथे पडून होते. निघण्याच्या आठवड्यात, सोमवारी संध्याकाळी, मुलगी सगळे कागद फोल्डरमध्ये लावत होती. ती म्हणाली, "अम्मी, नानीचा बर्थडे सहा जानेवारीला असतो?"

दिवस आणि महिना उलटे पडले होते. ०१/०६ च्या जागी ०६/०१. आधी दिवस की आधी महिना, या गोंधळात चौथ्या अर्जाला माझाच हात चुकला होता. वीस वर्षे मी मुलांच्या वहीत "निष्काळजीपणा" असा लाल शेरा मारत आले आहे.

अम्मीला सांगितले तेव्हा ती हसायला लागली. "थंडी में हुई मैं, अम्मा बोलती थी ना! वोईच तारीख सच्ची होंगी." खरेच असेल. उलट्या पडलेल्या आकड्यांनी कदाचित गुरुजींची चूक दुरुस्त केली होती. पण व्हिसावर खरी तारीख लागत नाही, पासपोर्टवरची लागते.

दुरुस्तीची सोय नव्हती. चुकीच्या माहितीचा व्हिसा म्हणजे रद्दी. नवा अर्ज, पुन्हा २० डॉलर, पुन्हा तीन कामाचे दिवस. विमान रविवारी दिल्लीहून होते. मिरजेहून गोवा एक्सप्रेस आम्हाला गुरुवारी मध्यरात्री पकडायची होती. मी सोमवारी रात्रीच नवा अर्ज टाकला. या वेळी मी वाचत गेले, हे पासपोर्ट धरून बसले आणि मुलगी एकेक अक्षर बोट ठेवून तपासत गेली. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार गेला. शनिवार-रविवारी तिकडे कचेऱ्या बंद, म्हणजे उरला एकटा शुक्रवार.

गुरुवारी रात्री घरात जे झाले ते सांगायला संकोच वाटतो, तरी सांगते. हे म्हणाले, अम्मीला भावाकडे ठेवू, आपण तिघे जाऊ, तिकिटांचे पैसे तरी वाचतील. ते चुकीचे बोलत नव्हते. मीही गप्प बसले, आणि माझे ते गप्प बसणे अम्मीने ओळखले. ज्या माणसासाठी जायचे, त्यालाच ठेवून निघायचे! अम्मीने आपली पिशवी उचलली आणि चपला घातल्या. म्हणाली, "दिल्लीतक को तो व्हिसा नहीं लगता ना?"

चौघेही गाडीत बसलो. पुणे गेले, दौंड गेले, नगर गेले. मी मोबाईल हातातून खाली ठेवला नाही. रेंज येई आणि जाई. मनमाड सोडल्यावर ई-मेल उघडला. आधी जन्मतारीख पाहिली, मग नाव, मग पासपोर्टचा नंबर. अम्मी खिडकीशी तस्बीह घेऊन डोळे मिटून बसली होती. तिला हलवून कागद दाखवला. तिने चष्मा लावला, इंग्रजी तिला येत नाही, तरी एकेका ओळीवर बोट फिरवले आणि विचारले, "जून है?" म्हटले, "जून आहे."

दिल्लीत उतरल्यावर पहिले काम केले ते चार-चार प्रती छापून घेण्याचे. विमान कंपनीच्या काउंटरवरची मुलगी खरोखर एकेक आकडा ताडून बघत होती. तिकडे प्रवेश नाकारला गेला तर प्रवाशाला परत आणणे कंपनीच्याच गळ्यात पडते, म्हणून पहिली कडक तपासणी इथेच होते. जुना व्हिसा असता तर अम्मी त्या काउंटरवरून परत फिरली असती यात मला शंका नाही. पुढे जेमतेम तीन तासांत ताश्कंद. तिथल्या खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने अम्मीकडे पाहिले, पासपोर्टकडे पाहिले, शिक्का मारला, आणि छातीवर हात ठेवून "अस्सलोमु अलैकुम" म्हणाला. एकही प्रश्न नाही. अम्मीने फोल्डर पोटाशी धरला होता तो तिथून बाहेर आल्यावर सोडला.

व्हिसा मिळाला म्हणजे कागद संपले असे मात्र नाही. तिथे पोचल्यावर तीन दिवसांच्या आत परदेशी माणसाची राहत्या ठिकाणी नोंद व्हावी लागते. हॉटेलात उतरलात तर हॉटेलवाले करतात आणि चिठ्ठी देतात. ती परत येईपर्यंत जपायची. ओळखीच्या घरी राहणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. या नोंदणीच्या सरकारी यंत्रणेचे नाव आहे "ई-मेहमोन". सरकारी कामाला मेहमान हा शब्द जोडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. अम्मीच्या औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठीही ठेवली होती. झोपेच्या आणि जोरकस वेदनाशामक गोळ्यांबाबत तिकडे कडक आहेत.

ताश्कंदला एक दिवस राहिलो. शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आणि त्यांचा पुतळा पाहिला. १९६६ च्या जानेवारीत करारावर सही करून दुसऱ्याच दिवशी ते तिथे गेले, हे मुलीला पुतळ्यापाशी सांगितले. १०० डॉलर मोडले तर नऊ लाखांवर सोम हातात आले. अम्मी म्हणाली, पाकीट लहान पडले. मग अफ्रोसियोब नावाच्या वेगवान गाडीने दोन तासांत समरकंद. या गाडीच्या तिकिटालाही पासपोर्ट लागतो.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे माझे कान तिथे सारखे टवकारलेले होते. शाळेला मकतब, पुस्तकाला किताब. आठवड्याला हफ्ता, आणि वहीला दफ्तर! आपल्याकडे मुले दप्तर पाठीवर मारतात, तिकडे दफ्तरात लिहितात. आभार मानायला म्हणतात "रहमत". अम्मीला त्या गावात एक दिवसही परके वाटले नाही. बाजारातल्या बाया तिला हाताला धरून बसवत, गोल शिक्क्याची गरम नान तोडून देत, ती दख्खनीत बोले, त्या उझबेकीत, आणि दोघींचे चालू राही. जेवणाचे एकच सांगते. पुलावावर कधीकधी काझी नावाचे घोड्याच्या मांसाचे काप घालतात. ज्यांना नको असेल त्यांनी आधी सांगावे, राग धरत नाहीत.

रेगिस्तानच्या चौकात तीन बाजूंना तीन मदरसे उभे आहेत. सगळ्यात जुना उलूगबेगचा, १४१७ ते १४२० मधला. हा बादशहा तारे मोजणारा होता, त्याच्या यादीत हजारावर ताऱ्यांच्या जागा नोंदलेल्या आहेत. समोरच्या शेरदार मदरशाच्या कमानीवर वाघासारखे प्राणी आणि चेहऱ्याचे सूर्य काढलेले. मुलीने लगेच विचारले, मदरशावर चित्र कसे चालले? मी म्हटले, चारशे वर्षे लोक हेच विचारत आले असतील. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत आता दुकाने आहेत. एका खोलीत वाद्ये टांगली होती. अम्मी आपणहून आत गेली. दुतार खाली काढायला लावला, पाठीवरून हात फिरवला, बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कद्दू नहीं है. लकडी है, कोरेली." दुकानदाराने खुणेने सांगितले, तुतीचे लाकूड. तिने होय-होय केले आणि आपली गुळगुळीत बोटे त्याला दाखवली. त्याने स्वतःची दाखवली. त्याच्याही पेरांवर काही उरलेले नव्हते. दुकानातून तिला बाहेर काढायला आम्हाला अर्धा तास लागला.

इमाम बुखारींचा जन्म बुखाऱ्यातला, सन ८१०, पण ८७० मध्ये इंतकाल झाला तो समरकंदजवळच्या खर्तंग गावी, आणि मजार तिथेच आहे. टॅक्सीने गेलो. आम्ही पाहिला तो १९९८ मध्ये उभारलेला परिसर. पुढे तिथे मोठे नवे बांधकाम काढले गेले, त्यामुळे जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. चिनारांची पाने पिवळी पडून खाली आली होती, थंडी चांगलीच होती. अम्मी कोपऱ्यातल्या बाकावर शाल लपेटून फातेहा पढत बसली. मी जवळ गेले नाही. बऱ्याच वेळाने तिनेच हाक मारली आणि विचारले की अब्बांच्या नावाने पढलेले इथून पोचते ना. मी म्हटले, पोचते.

बुखाऱ्याला तीन दिवस राहिलो, त्याविषयी पुन्हा कधीतरी.

आपांना एवढे सांगेपर्यंत घंटा झाली. त्यांनी विचारले होते त्याचे उत्तर मी दिले. नावावरून आम्हाला कोणी अडवले नाही, नावाच्या अक्षरांवरून मात्र अडलो असतो. आणि हे उझबेकिस्तानापुरते नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकाच शब्दाचे नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर येणे बंद केले. पुढे खुलासा झाला की पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालेल. दुबईला मुलाकडे निघालेल्या किती आयांची त्या दिवसांत झोप उडाली असेल! म्हणून फीचा आणि नियमांचा आजचा आकडा अर्ज करण्याच्या दिवशीच सरकारी पानावर बघा, माझ्या २०१९ च्या आकड्यांवर जाऊ नका. पण पासपोर्ट आजच उघडून बघा.

दुसऱ्या दिवशी आपा स्वतःचा आणि सरांचा पासपोर्ट पर्समध्ये घालून आल्या. सरांचा ठीक होता. त्यांचा उघडला, तर पहिल्या ओळीत, आडनावाच्या जागी, काहीच नव्हते. जन्मतारखेवर नजर गेली. १ जून.

"आपा," मी म्हटले, "तिकिटे नका काढू अजून. दाखला आहे का घरी?"